जवळ्याचा ओटा आणि डोंबिवलीचा साहेब

सांगितलेला भाव मुकाट्यानं मोजणारं गिऱ्हाईक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगते, मला त्याचा रागच आला.

अठ्ठ्याऐंशी सालचा ऑक्टोबर होता. कोपरीच्या बाजारात आईच्या जागेवर मी बसले होते. आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला की ही पाळी माझ्यावर यायची. बी.कॉम. होऊन वर्ष उलटलं होतं. बँकांचे अर्ज भरून भरून बोटं दुखली होती. त्यापेक्षा चिंबोऱ्या विकणं बरं, निदान त्या काहीतरी उत्तर देतात. तेवढ्यात समोर एक चष्मेवाला येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला शबनम, आणि चेहऱ्यावर चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलेल्या माणसाचा भाव.

"चिंबोऱ्या कशा दिल्या?"

"वीसला वाटा."

त्यानं खिशातून वीसची नोट काढून माझ्यापुढे धरली.

आता बाजाराची एक रीत असते. मी वीस म्हणायचं, गिऱ्हाइकानं आठ म्हणायचं, मी कपाळावर हात मारायचा, त्यानं पाठ फिरवायची, मी हाक मारायची, आणि बारावर दोघांनी खूश व्हायचं. या माणसानं सगळ्या खेळाचा विचका केला. शेजारची गंगुबाई कोयता हातात तसाच धरून बघत राहिली.

"अहो, तुम्ही काही बोलणार नाही?"

"काय बोलायचं?"

"महाग आहे, असं."

"महाग आहे का?" त्यानं अगदी मनापासून विचारलं.

"थोडं... आहे."

"मग तुम्ही तसा भाव का सांगितलात?"

गंगुबाईनं तोंडाला पदर लावला. माझे कान तापले. मी आठ रुपये काढून त्याच्या हातात जवळजवळ कोंबले. "हे घ्या. आणि पुढच्या वेळी भांडायला शिकून या."

"कुणाकडून शिकू?" असं म्हणून तो हसला. हसला की त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा, आणि हात न लावता नुसतं नाक आक्रसून तो चष्मा वर घ्यायचा. हे मी तेव्हाच टिपलं, आणि टिपलं म्हणून स्वतःवर चिडले.

"बरं, आवडाबाईंचं महिला मंडळ कुठे भरतं? मी गुरुदत्त नाडकर्णी. नौपाड्याच्या संस्थेतून आलोय, त्यांच्या अर्जाची तपासणी करायला."

"आवडाबाई माझी आत्या. मी मंजुळा. अर्ज मीच लिहिलाय."

त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. हातातले आठ रुपये त्यानं पुन्हा माझ्या पाटीत ठेवले. "मग हे मला घेता येणार नाहीत. ज्यांचा अर्ज तपासायचा, त्यांच्याकडून सवलत घ्यायची नाही, असा नियम आहे."

"ते तुमचेच पैसे आहेत."

"आता नाहीत."

भाव वाढवून मागण्यासाठी हटून बसलेलं गिऱ्हाईक कोपरीच्या बाजारानं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नसेल.

आमचा अर्ज होता ओट्यासाठी. खाडीतला जवळा, ती बारीक कोळंबी, आमच्या बायका खाडीकाठी जमिनीवरच सुकवायच्या. वाळू लागायची, कुत्री नाचायची, अवकाळी सर आली की सगळं काळं पडायचं. मग व्यापारी नाक मुरडून मातीच्या मोलानं न्यायचा. सिमेंटचा एक लांबरुंद ओटा झाला असता तर निम्म्या आळीच्या चुली त्यावर चालल्या असत्या. माझ्या आईचीही चालली असती, आणि पाटी डोक्यावर घेऊन तिला रोज बाजार गाठावा लागला नसता. मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीकडे असल्या छोट्या कामांसाठी निधी असतो, असं मला कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं. नौपाड्याची संस्था जागा पाहायची, अंदाज काढायची, आणि मग वकिलात ठरवायची.

गुरुदत्तनं आमच्या कोळी जमातीची खाडीकाठची जागा फितीनं मोजली. फितीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. चिखलात बूट रुतले तरी त्याचं लक्ष आकड्यांवर. आईनं चहा पाठवला, तर यानं शबनममधून डोंबिवलीच्या घरून आणलेली पाण्याची बाटली काढली.

"चहानं काय होणार आहे तुमच्या नियमाला?" मी म्हटलं.

"आज चहा, उद्या कोळंबीचं कालवण. मी कालवणाला बळी पडणारा माणूस आहे... म्हणून चहापासूनच सांभाळतो."

"मग कालवण आणते. बघू."

"नका आणू," तो घाईघाईनं म्हणाला, आणि फीत गुंडाळायच्या निमित्तानं खाली बघायला लागला.

चार दिवसांनी तो परत आला तो तोंड पाडूनच. मला बाजूला बोलावून म्हणाला, "मंजुळाबाई, ओट्याला वीस हजार लागतात. अर्जात चाळीस आहेत. हे कुठून आले?"

"आत्यानं सांगितले. ते कमी करतीलच ना."

"कोण?"

"वकिलातवाले. चाळीस म्हटलं की वीस देतील. वीस म्हटलं तर दहा हातावर टेकवतील."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं चष्मा काढून पुसला. "ते भाव करत नाहीत हो. अंदाज आणि मागणी यांचा मेळ बसला नाही, की अर्ज बाजूला ठेवतात. संपलं."

मी तशीच आत्याकडे धावले. आवडाआत्या जाळ्याच्या ढिगावर बसून पान लावत होती. आयुष्यभर क्रॉफर्ड मार्केटपर्यंत म्हावरं विकलेली बाई ती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पिंक टाकली.

"ते पोऱ्याला काय कलतंय गो? आपून वीस बोललू, तर समोरचा हसंल. पयला भाव कोन खरा बोलतंय का?"

"आत्या, ते गिऱ्हाईक नाहीत. मदत करतायत."

"पैसं देतंय ना? मंग गिऱ्हाईकच."

ती काही हलेना. अर्ज मंडळाचा, अध्यक्ष आत्या, अंगठा तिचा. डिसेंबरात वकिलातीतली बाई जागा पाहायला आणि गुरुदत्तचा अंदाज ऐकायला येणार असं कळलं, आणि त्या दिवसाकडे मी फाशीच्या तारखेसारखी बघायला लागले.

ती बाई आली. उंच, सुती सलवार-कमीज घातलेली, उन्हानं लाल झालेली. तिच्या देशाचं नाव आळीत कुणालाच धड घेता येईना. तिथं बर्फ पडतो एवढं कळलं, म्हणून तिचं नाव पडलं थंडवाली बाई. ती सरळ आमच्यात जमिनीवर मांडी घालून बसली. दुभाष्याचं काम गुरुदत्तकडे.

इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, चाळीस हजार कसे लागतात?

"लागतात," आत्या म्हणाली.

बाईनं गुरुदत्तकडे वळून त्याचा अंदाज विचारला. त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे विनवत होते, ते त्याला दिसलंही असणार... पण तो आधी इंग्रजीत आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणाला, "मी त्यांना वीस सांगितले. ओटा वीस हजारांत होतो."

मला वाटलं, बुडालो.

आत्यानं मांडीवर थाप मारली. "हां, आता कसा बोललास. कवाचा मुका बसलेला. पस्तीस."

"आवडाबाई, हा बाजार नाही."

"तू बाईला सांग, पस्तीस."

त्यानं सांगितलं; काय करतो, कामच ते होतं. बाईच्या भुवया वर चढल्या. मग तो लालबुंद कानांनी तिला बराच वेळ काहीतरी समजावत राहिला. माझं इंग्रजी यथातथाच, पण एवढं कळलं: या बायकांचा पहिला भाव हा भाव नसतो, ती बोलायची सुरुवात असते. फसवणूक नाही, बाई. यांना कुणी आजवर मागितलेलं दिलेलंच नाही.

हे शेवटचं वाक्य मी मनात दोनदा म्हणून पाहिलं.

बाई मोठ्यानं हसली आणि आत्याकडे बघून बोटांनी दाखवलं, वीस. आत्या म्हणाली, तीस आणि वर छप्पर. बाई पुन्हा वीसच. आत्यानं कपाळाला हात लावला. बाईनंही लावला. गंगुबाई खूश होऊन टाळ्या पिटायला लागली. शेवटी बाईनं गुरुदत्तला विचारलं, मजुरी बायकांनीच केली तर वीस हजारांत छप्पर बसेल का? त्यानं तिथंच बसून हिशेब केला आणि म्हणाला, "बसेल. रेती-विटा यांनी वाहिल्या तर."

"वाहू की," आत्या म्हणाली. "म्हावऱ्याच्या पाट्या वाहतूच, विटांना तर वाससुदीक नाय."

बाई गेली. निर्णय नंतर कळवणार होती. बायका खिदळत घरी गेल्या आणि मी मात्र गुरुदत्तला खाडीच्या धक्क्यावर गाठलं.

"आमच्या बाजूनं एक आकडा वाढवून बोलला असतात, तर काय झालं असतं? आत्यानं निभावून नेलं म्हणून. नाहीतर आज आमचा ओटा गेला होता तुमच्या खरेपणापायी."

"मी तुमच्या बाजूचा असतो, तर बोलायचा हक्कच नव्हता मला."

"म्हणजे आमच्या बाजूचे नाहीच तुम्ही."

पाणी उतरत होतं, चिखलात निवट्यांची बारकी मासळी उड्या मारत होती. तो त्यांच्याकडेच बघत म्हणाला, "तेच तर ठरवायची वेळ आलीय..." आणि झपाझप स्टेशनकडे चालायला लागला. मी मनात म्हटलं, जा. डोंबिवलीकर कुठला.

संक्रांतीच्या सुमाराला मंजुरी आली. पहिला हप्ता आधी, दुसरा, छपराचा, ओटा तपासून झाल्यावर. आळीत साखर वाटली. आणि पहिल्याच शनिवारी, आम्ही पदर खोचून विटा वाहत असताना, गुरुदत्त जुन्या पँटीत हजर. माझ्याशी न बोलता त्यानं रांगेत जागा घेतली आणि माझ्याच हातातून वीट घ्यायला लागला.

"साहेबांनी वीट उचललेली चालते का नियमाला?"

"नियम बघायला आज कोण आहे?"

त्याच्या हातावर पहिल्या तासातच फोड आले. मी चिंधी भिजवून आणली. बांधताना मी गरजेपेक्षा दोन गाठी जास्तच मारल्या. मग चहा आला, तर यानं कप घेतला आणि फुर्रकन प्यायला.

"आणि तुमची बाटली?"

"आज शनिवार," तो म्हणाला. "शनिवारी सुट्टी."

"नियमालापण?"

"नियमालापण."

मी ते खरं मानलं. माझ्यासारखी हुशार मुलगी कुठं शोधून सापडायची नाही.

त्यानंतरचे शनिवार म्हणजे... कसं सांगू. शुक्रवारी रात्रीच मी केस धुवायची आणि सकाळी रेतीत माखून घ्यायची. तो मला डोंबिवलीच्या गमती सांगायचा. आई त्याची मासळीला इतकी पक्की, की पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, आहे का नाही ते लांबूनच ओळखते, आणि घासाघीस करून बाजारवाल्याला रडवते. "तुम्ही कुणावर गेलात मग?" मी विचारायची. "बँकेतल्या बाबांवर. ते टोमॅटोसुद्धा पावती मागून घेतात." मी हसता हसता घमेलं खाली ठेवायची. आत्या लांबून ओरडायची, "गो मंजुळे, रेती वाहायला आणलीय तुला, का दात काढायला?"

मग आळीत कुजबूज सुरू झाली. वरच्या आळीतल्या बायकांना ओट्यात वाटा नव्हता, त्यांनी बोलायला सुरुवात केली: पोरीनं साहेबाला गुंडाळला, म्हणून तर मंजुरी आली. एकीनं तर वकिलातीला कळवते म्हणूनही सांगितलं. मी हादरले. छपराचा हप्ता अजून यायचा होता. माझ्या हसण्यापायी हप्ता अडकला, तर आईला, आत्याला, गंगुबाईला काय तोंड दाखवू? मला गुरुदत्त आवडत होता, मनापासून आवडत होता, आणि म्हणूनच मी त्याच्याशी बोलणं तोडलं. तो आला की मी बाजारात जाऊन बसायची. चहा दुसरीच्या हाती. त्यानं एकदाच विचारलं, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "काम झालंय, आता येऊ नका," आणि त्याच्या चेहऱ्याकडे न बघता पाटीवर पाणी शिंपडत राहिले.

ओटा झाला होता, पण नव्या सिमेंटला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात. खाडीचं खारं पाणी चालत नाही, विहिरीचं गोडं लागतं. ते पाणी सकाळी कोण मारून जातं, ते सगळ्या आळीला माहीत होतं. डोंबिवलीहून नेहमीच्या आधीची गाडी पकडून तो यायचा, बाह्या वर करून बादल्या ओतायचा आणि तसाच ओल्या पँटीनं नौपाड्याला जायचा. मी खिडकीच्या आडून बघायची. रोज. आणि रोज डोळे पुसायची.

शिमग्याच्या आधल्या आठवड्यात ओट्याची तपासणी ठरली. मी ओट्यावर जाऊन उभी राहिले तर गुरुदत्तच्या जागी दुसराच एकजण. सुधीर नाव सांगितलं, त्याच संस्थेतला. त्यानं लांबी-रुंदी मोजली, टाचेनं ठोकून बघितलं, उतार बघितला. "उत्तम आहे. छपराचा हप्ता आठवडाभरात येईल."

बायकांनी एकच गलका केला. आत्यानं मात्र विचारलं, "आनि तो आमचा साहेब? त्याची सही नको?"

"गुरुदत्तची? त्याची कशाला?" सुधीर म्हणाला. "त्यानं ही फाईल डिसेंबरातच सोडली. वकिलातीतल्या बाई येऊन गेल्या ना, त्याच संध्याकाळी. मंजुरीचा अहवाल माझा आहे, आजची तपासणीही माझी. त्याचा या कामाशी तेव्हापासून काही संबंध नाही."

"सोडली म्हणजे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"वरिष्ठांना जाऊन म्हणाला, कोपरीच्या बाबतीत मी आता निःपक्षपाती राहू शकत नाही. त्यांनी कारण विचारलं तर..." सुधीर माझ्याकडे बघून थांबला. "जाऊ दे. ते त्यानंच सांगावं."

म्हणजे तो पहिला चहा नियमाच्या सुट्टीतला नव्हताच. त्या विटा, ते फोड, सगळे शनिवार, हे पहाटेचं पाणी मारणं, यातलं काहीच साहेबाचं काम नव्हतं. आणि कुणी काहीही कुजबुजलं तरी आमच्या ओट्याला कुणी बोट लावू शकणार नव्हतं, ही सोय तो कधीच करून बसला होता. माझ्याच डोक्यात उजेड पडायला एवढा उशीर.

तो विहिरीवर होता. सुट्टी टाकून आला असावा. भरलेली बादली काठावर ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"फाईल सोडलीत?" मी विचारलं.

"सुधीर बोलला वाटतं."

"मग इतके दिवस कशाला येत होतात?"

"विटा होत्या ना... वाहायला."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. उगाच प्रयत्न करू नका."

त्याचा चष्मा घसरला होता आणि आज तो वर घ्यायचंही त्याला सुचत नव्हतं. "तुमच्यासाठी येत होतो, मंजुळा. पहिल्या शनिवारपासून. त्याच्याही आधीपासून, म्हणजे तुम्ही ते आठ रुपये माझ्या हातात कोंबलेत ना, तेव्हापासूनच काहीतरी बिघडलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत? मी इथं रोज रडतेय."

"छपराचा हप्ता राहिला होता," तो हळूच म्हणाला. "फाईल माझ्याकडे नसली तरी तुमच्या लेखी मी साहेबच होतो. मी विचारलं असतं आणि तुम्हाला नाही म्हणायचं असतं, तर तुमच्या मनात आलं असतं, याला दुखावलं तर हप्ता अडकेल का? तुम्ही त्या धाकानं हो म्हणाला असतात तर... ते मला नको होतं. आज तपासणी झाली. आता तुम्ही नाही म्हणालात तरी छप्पर बसणारच आहे. म्हणून आज विचारतोय."

आजवर आमच्याकडे जो आला तो आमच्या गरजेवर बोट ठेवून भाव पाडून गेला. आणि हा माणूस माझी गरज पुरती मिटेपर्यंत विहिरीवर बादल्या ओढत थांबला होता. मी सरळ रडायला लागले. तो गोंधळून रुमाल शोधायला लागला, तो शबनममध्ये, शबनम ओट्यावर.

"घरी काय म्हणतील तुमच्या?" मी पदरानंच नाक पुसत विचारलं. "आम्ही कोळी. तुम्ही..."

"आईला सांगितलंय. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता विचारलं, त्या मुलीला कोळंबीचं लोणचं येतं का?"

रडता रडता मला हसू फुटलं. "मला नाही येत. माझ्या आईला येतं."

"मग दोन्ही आयांचं जमेल. आपलं काय?"

लांब ओट्यावर बायका उभ्या राहून इकडेच टक लावून बघत होत्या. वरच्या आळीतल्याही दोघीतिघी आल्या होत्या. आता कुणी बघितलं तर माझं काय बिघडणार होतं? मी त्याचा फोडांनी निबर झालेला हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "हो."

"गो मंजुळे," आवडाआत्या ओट्यावरून ओरडली, "क्याला हो बोलतेस?"

"याला," मी ओरडून सांगितलं.